सर बसायला शिकले

माझी मुलाखत सरांनी चालता चालता घेतली. जळगावातल्या त्यांच्या दवाखान्यामागे मोठं आवार होतं, त्यात ते फेऱ्या मारत होते आणि मी सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून त्यांच्यामागे जवळजवळ पळत होते. ईईजी तंत्रज्ञाचा कोर्स नुकताच संपलेला, धुळ्याहून सकाळच्या एसटीनं आलेली, पायात नव्या चपला. फाइल त्यांनी मागितलीच नाही. एकदम वळून म्हणाले, "पोराच्या डोक्याला तेल चोपडलेलं आहे, आई रडतेय आणि लाइट गेलीय. काय करशील?"

मी म्हटलं, लाइट येईपर्यंत डोकं धुऊन घेईन.

"साबणानं?"

"शॅम्पूनं."

"सोमवारपासून ये," म्हणाले, आणि पुढे निघूनही गेले. माझी चप्पल तोवर तुटली होती.

सर म्हणजे लहान मुलांच्या मेंदूचे डॉक्टर. मूळचे एरंडोलचे. साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळे, पायात कायम कॅनव्हासचे बूट. आता ते नाहीत, पण आवाराकडच्या खिडकीशी उभी राहिले की अजूनही वाटतं, कोपऱ्यावरून वळतील आणि काहीतरी अर्धवट बोलून पुढे जातील. त्यांच्याकडे येणारी बहुतेक मुलं झटक्यांची. घरचे कुणी मिरगी म्हणत, कुणी फेफरं, कुणी नावच घेत नसत, नुसतं "त्याला ते होतं" म्हणत. माझं काम त्यांचा ईईजी काढायचा. म्हणजे डोक्यावर ठिकठिकाणी पेस्टनं बारीक वायरी चिकटवायच्या आणि मेंदूत चाललेल्या विजेच्या लहरी टिपायच्या. पडद्यावर एकाखाली एक रेघा धावतात. त्या संथ चाललेल्या असतात, आणि बिघाड पकडला गेलाच तर मध्येच टोकदार उसळतात. गावाकडची माणसं याला डोक्याचा कागद म्हणायची. छापून हातात मिळायचा, म्हणून.

या तपासणीला मूल शांत पडलेलं लागतं, शक्यतो झोपलेलं. आणि ती करून घेणारा माणूस असा, की त्याला क्षणभर एका जागी ठरता येत नसे. त्यांच्या खोलीत खुर्च्या होत्या त्या फक्त आईबापांसाठी. सर टेबलाभोवती फिरत मुलाची हकिगत विचारायचे, आईबापांच्या माना त्यांच्याबरोबर फिरायच्या. जेवणही उभ्यानं. कळण्याची भाकरी हातावर घेऊन, वर मिरचीचा ठेचा, आणि खाता खाता आदल्या दिवसाचे आलेख बघत. मी एकदा धीर करून विचारलं होतं की सर, तुम्ही बसत का नाही. ते म्हणाले, "बसलो की मला घाई होते." मला त्याचा अर्थ लागला नाही, आणि विचारायला ते जागेवर नव्हते.

तेलाचं मात्र खरं होतं. डॉक्टरकडे न्यायचं म्हणून प्रत्येक आई मुलाला न्हाऊ घालून, तेल लावून, चापूनचोपून भांग पाडून आणायची. तेलावर वायर टिकत नाही. आम्ही फोनवर कितीदा सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही, विस्कटलेल्या डोक्याचं पोर डॉक्टरसमोर कसं न्यायचं? मग सर बाह्या वर सारून आवारातल्या नळावर त्या पोरांची डोकी स्वतः धुवायचे. मूल रडायला लागलं की त्याच्याहून मोठ्यानं गायचे, आणि इतके बेसूर गायचे की मूल गप्प होऊन बघत राहायचं. धुळ्याच्या कापडाच्या पेढीवरच्या एका मारवाडी आजोबांनी विनंती केली होती की आमच्या नातवाची तपासणी दवाखाना बंद झाल्यावर करा, समाजात कळायला नको. सर त्यांना आवारात घेऊन गेले आणि इतका वेळ फिरवत राहिले की आजोबा दमून आत आले आणि आपण होऊन खोलीबाहेरच्या बाकावर बसले, सगळ्यांच्या शेजारी. सुरुवातीला तोंड भिंतीकडे करून. मी पुढचं मूल आत घ्यायला बाहेर आले तेव्हा ते चोपड्याच्या एका शेतकऱ्याला समजावत होते की फेस आला तर तोंड पुसायचं, पण दातांत काही घालायचं नाही. सरांनी फिरताना त्यांना एवढंच सांगितलं असावं.

दुसरी त्यांची तऱ्हा झोपेची. आदल्या रात्री मुलाला कमी झोपू द्यायचं, म्हणजे तपासणीच्या वेळी ते आपोआप झोपतं. आईबाप बिचारे रात्रभर पोराला जागं ठेवत, आणि पहाटे एसटीत बसले की मूल खिडकीला डोकं टेकून गाढ झोपून जाई. दवाखान्यात येईतो टक्क जागं. सर यावर इतके वैतागले की सकाळी स्वतः स्टँडवर जायला लागले. गाडी लागली रे लागली की आत चढून झोपलेली पोरं हलवून उठवायचे. एकदा शिरपूरच्या गाडीत त्यांनी भलत्याच पोराला उठवलं. ते मूल मामाच्या गावाला निघालं होतं, त्याला काहीएक आजार नव्हता. त्याच्या आईनं सरांना सगळ्या स्टँडसमोर असं धुतलं की कंडक्टर मध्ये पडला. सरांनी खिशातलं केळं काढून त्या पोराला दिलं आणि खाली उतरले. खिशात केळी कायम असायची, कारण उपाशी पोटी आलेख नीट येत नाही. त्यांच्या प्रत्येक शर्टाचा खिसा डागाळलेला होता.

तपासणीत मुलांना काही वेळ जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. दबलेला बिघाड कधी कधी त्यानं वर येतो. "दीर्घ श्वास घे" म्हटलं की मुलं घाबरतात, म्हणून सर कागदाची भिंगरी पुढे धरायचे आणि मुलाबरोबर स्वतःही फुंकायचे. फुंकून फुंकून त्यांनाच चक्कर यायची, टेबल धरून उभे राहायचे आणि डोळे मिटूनच मला विचारायचे, "काही दिसलं का गं?"

त्यांचं एक वाक्य होतं. "मेंदू झोपेत खरं बोलतो." आईबापांना, मला, चहावाल्याला, सगळ्यांना सांगून झालेलं. हे वाक्य पुढे त्यांनी टाकून दिलं. ते का, हे सांगायचं तर सुनीचं सांगावं लागेल.

महिन्यातून एकदा आम्ही जीप घेऊन साक्रीला जायचो, बाजाराच्या दिवशी. डोंगराकडची माणसं त्या दिवशी खाली उतरतात, म्हणून. एका शाळेच्या हॉलमध्ये गाद्या घालून शिबिर असे. सुनी तिथे पहिल्यांदा आली तेव्हा आठएक वर्षांची असेल. आश्रमशाळेत राहून शिकायची. रात्री झोपेत तिचं तोंड वाकडं व्हायचं, लाळ यायची, हात उडायचे. खोलीतल्या मुली घाबरून ओरडत बाहेर पळाल्या होत्या. मुख्याध्यापकांनी तिला घरी पाठवलं आणि बापाला सांगितलं, ती बरी असल्याचं डॉक्टरचं लिहून आण, मग बघू. साक्रीतल्याच कुणा डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. बाप मुका मुका उभा होता, हातात टोपी. घरात त्यांची बोली वेगळी, पण आमच्याशी तो अहिराणीत बोले. सुनी काहीच बोलत नव्हती. तिच्याविषयी सगळं दुसरेच सांगत होते.

त्या दिवशी गर्दी फार होती. सुनी झोपली नाही, नुसते डोळे मिटून पडून राहिली. आलेख स्वच्छ आला. सरांनी उभ्या उभ्या पाहिला आणि बापाला म्हणाले, "कागद चांगला शे." आणि वळले. पुढच्या मुलाकडे जाता जाता म्हणाले, की पण गोळ्या बंद करू नको, कागद चांगला आला म्हणजे आजार गेला असं नसतं, पुन्हा झोपेत काढू. मला ते ऐकू आलं, कारण मी पुढच्या गादीशीच होते. बाप मागे होता, आणि हॉलमध्ये चार मुलं रडत होती.

पुढच्या शिबिरात ते आले नाहीत. त्यानंतरच्या शिबिराला आले तेव्हा सुनीच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं. थंडीचे दिवस. पहाटे उठल्या उठल्या ती चुलीजवळ शेकायला बसली होती आणि तिथेच झटका आला. आई पाणी आणायला गेलेली. बापानं उचलेपर्यंत हात निखाऱ्यात होता.

सरांनी विचारलं, गोळ्या? बाप रागावलेला नव्हता, ते बघवत नव्हतं. तो नुसतं आठवून सांगत होता. "तुमीन सांगेल व्हतं ना, कागद चांगला शे. मंग मी गोया बंद करी दिन्यात."

"आजून काय सांगेल व्हतं मी?"

"आजून काय? मंग तुमीन चालना ग्यात."

मी सरांना स्थिर उभं असलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एवढा वेळ, की बापालाच अवघडल्यासारखं झालं आणि त्याचं काही चुकलं का म्हणून तो माझ्याकडे बघायला लागला. मग सर खाली, फरशीवर, त्याच्यासमोर मांडी घालून बसले. बापही उकिडवा बसला. सरांनी आधी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, आणि म्हणाले, आता तू मला सांग. बापानं सांगितलं. एक गोष्ट राहिली, ती सरांनी पुन्हा सांगितली, पुन्हा त्याच्याकडून म्हणवून घेतली. त्यांचा गुडघा सारखा हलत होता. तो त्यांनी हातानं दाबून धरला होता.

जीपमध्ये परत येताना कुसुंब्याच्या आसपास सर म्हणाले, "ती शिबिरात झोपणार नाही. जिथे ती झोपते तिथे जाऊ." ड्रायव्हरनं विचारलं, कधी. ते म्हणाले, परवा.

दुसऱ्या दिवशी जळगावच्या खोलीत त्यांच्यासाठी खुर्ची आली. साधी, लोखंडी, हात नसलेली. त्या दिवसापासून नियम झाला की आईबापांशी बोलायचं ते बसून, आणि बोलून झालं की त्यांच्याकडून सगळं परत ऐकायचं. मला वाटलं होतं चार दिवसांत संपेल. संपलं नाही, पण त्यांना ते कधी सोपंही गेलं नाही. पाठ ताठ, पाय टेबलाखाली नाचतायत, बोटं खुर्चीच्या कडेला घट्ट. एखादी आई अडखळत, मागचं पुढे करत सांगत असली की सरांच्या कपाळावर घाम यायचा. तिचं बोलणं संपलं, आई बाहेर गेली, की ते उसळून उठायचे आणि आवारात दोन फेऱ्या मारून यायचे. मग पुढचं मूल. "मेंदू झोपेत खरं बोलतो" म्हणणं त्यांनी सोडलं. एकदा मीच सवयीनं कुणाला तरी ते सांगायला गेले, तर मध्येच म्हणाले, "बोलला तर. आणि आपण थांबून ऐकलं तर."

सुनीच्या गावाला आम्ही गेलो ते लॅपटॉप, वायरींची पेटी आणि एक बॅटरी घेऊन. शेवटचा रस्ता पायी होता, बॅटरी बापानं डोक्यावर घेतली. कुडाचं घर, सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात शेळीचं करडू बांधलेलं. आदल्या दिवशी धाडलेल्या निरोपाप्रमाणे आईनं सुनीला जवळजवळ रात्रभर जागवलं होतं. मी तिच्या डोक्यावर वायरी चिकटवत होते तेव्हा दारात निम्मं गाव उभं. सुनी डोळे मिटून पडली, पण झोप येईना. सर दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत. जमीन सारवलेली, बूट काढलेले, तरी त्यांच्या पायांचा आवाज येत होता. दारातल्या लोकांना ते दोनदा म्हणाले की गडबड करू नका, पोरीला झोपू द्या.

शेवटी सुनीची आई बोलली. "डाक्टर, तुमीन बठा. तुमीन बठशात तव ती निजी."

लोक हसले. सर खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसले. आईनं पोरीच्या पायावर हात ठेवला. थोड्या वेळानं लोकही कंटाळून गेले. मग पडद्यावरच्या रेघा जडावत गेल्या, आणि झोप लागताच एका बाजूच्या रेघांत टोकं उसळायला लागली. एक, मग दोन लागोपाठ, मग सारखीच. जागेपणी यातलं काही नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी ती आधीच पाहिली होती. ते बापाला म्हणाले, इकडे ये, बघ.

बाप गुडघ्यांवर टेकून पडद्याशी आला. बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "मंग पहिले काबर दिखनं नही?"

"पहिले ती जागी व्हती," सर म्हणाले. "आनि मी घाईमा व्हतू. मनी चूक व्हयनी."

बापानं त्यावर विचारलं ते वेगळंच, पोर मोठी झाल्यावरही हे राहील का. सर म्हणाले, या जातीचा आजार वयात येताना बहुतेक मुलांचा आपोआप जातो. मग बापाकडून म्हणवून घेतलं, आणि 'बहुतेक' हा शब्द सुटला तेव्हा पुन्हा म्हणायला लावलं.

आश्रमशाळेत मुख्याध्यापक सोपे नव्हते. वाईटही नव्हते. त्यांच्या वसतिगृहात एवढ्या मुली, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. त्यांना "पूर्ण बरी आहे" असं लिहून हवं होतं. सर म्हणाले, ते मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही, आणि रात्री पुन्हा झटका आला तर तुम्हीच मला खोटारडा म्हणाल. मग त्यांनी सुनीच्या खोलीतल्या मुलींना बोलवायला सांगितलं. मुली ओळीनं उभ्या राहिल्या. सरांनी दाखवलं की झटका आला तर कुशीवर कसं वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ कसं सरकवायचं, हातपाय दाबायचे नाहीत, कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात काही नाही, लगेच वसतिगृहाच्या बाईंना उठवायचं. मुलींनी एकमेकींना कुशीवर वळवून पाहिलं. हसून हसून त्यांची वाट लागली. सुनी दाराशी उभी होती, ती हसली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, एक महिना बघतो.

त्या महिन्यातच एकदा रात्री झालं. मुलींनी बाईंना उठवलं, पण बाई पोचेपर्यंत त्यांनी तिला कुशीवर वळवलेलं होतं. सकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. आम्ही समजलो की आता तिला घरी पाठवतायत. ते विचारत होते की आज तिचा गणिताचा पेपर आहे, देऊ द्यायचा की झोपू द्यायचं. सरांनी सांगितलं, आधी झोपू द्या, खाऊ घाला, मग तिलाच विचारा. तिनं पेपर दिला. मार्क बेताचेच पडले.

पुढची काही वर्षं ती साक्रीच्या शिबिरात येत राहिली. झटके कमी होत होत थांबले. गोळ्या हळूहळू उतरवायच्या ठरल्या तेव्हा ती बारातेराची झाली होती, उंच, हातावरचा डाग लांब बाहीत झाकलेला. बाप बाजारात गेला होता. सर नेहमीसारखे खुर्चीच्या कडेला टेकले, पाय हलतायत, आणि म्हणाले, आता तू सांग मला काय समजलं. तिनं शाळेच्या मराठीत सगळं बिनचूक सांगितलं. मग उठायच्या आधी म्हणाली, "मी एक विचारू का?"

"विचार."

"मला झोपेत काय होत होतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. आईनं, बापानं, खोलीतल्या मुलींनी. मीच नाही पाहिलं. विचारलं की कुणी सांगत नाही. म्हणतात, जाऊ दे."

मला वाटलं सर सांगतील. ते खुर्चीवरून उठले आणि सुनीच्या समोर, हॉलच्या फरशीवर, उताणे झोपले. साठीतला माणूस, पांढरा शर्ट, खिशात केळं. त्यांनी डोळे मिटले. मग तोंड एका बाजूला ओढलं, गाल फडफडायला लागला, घशातून घोगरा आवाज काढला. लाळ ओघळू दिली, खरी. मग एक हात खांद्यापासून उडायला लागला, आधी सावकाश, मग जोरात, मग पुन्हा सावकाश. काही लपवलं नाही आणि वाढवलंही नाही. मग सगळं थांबवलं आणि नुसते जड श्वास घेत पडून राहिले.

सुनी वाकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. परीक्षेत आलेला प्रश्न वाचतात तसं ती वाचत होती. इतकी वर्षं तिनं मनाशी काय काय कल्पून ठेवलं असेल, कोण जाणे. शाळेची मराठी ती विसरली.

"इतलंच?" ती म्हणाली.

सरांनी पडल्या पडल्याच डोळे उघडले. "हां," ते म्हणाले. "इतलंच."